अंग तापलेलं असताना थंडी का वाजते?

मेंदूतला हायपोथॅलॅमस शरीराचं तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअसला धरून ठेवतो. जंतुसंसर्गात प्रोस्टाग्लँडिन या शरीरातच तयार होणाऱ्या रसायनामुळे ही ठरलेली पातळीच वर सरकते, समजा ३९ वर. अंग अजून ३७ लाच असतं, म्हणून मेंदूला ते गार वाटतं. मग त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटं गार पडतात, हुडहुडी भरते. स्नायूंच्या त्या कापण्यातूनच उष्णता तयार होते. पॅरासिटामॉलने पातळी खाली आली की दरदरून घाम फुटतो. हुडहुडी भरलेली असताना बर्फाच्या पाण्याने अंग पुसू नका, कुडकुडणं वाढतं.

उष्माघात वेगळा. तिथे पातळी हललेलीच नसते, उष्णता बाहेर टाकणं अपुरं पडतं. पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. तापमान ४० च्या वर आणि माणूस बरळतोय? ताबडतोब अंग भिजवा, वारा घाला, रुग्णवाहिका बोलवा.