परदेशात खान्देशी भरीत

प्रश्न : मूळ गाव यावल, सध्या जर्मनीत आहे. विजेच्या शेगडीवर वांगी भाजता येत नाहीत आणि ओव्हनमधलं भरीत पाणचट, कडवट होतं. काय चुकतं?

उत्तर : वांगं आणि भाजणं, दोन्हीकडे लक्ष द्या. आपलं जळगावचं हिरवट-पांढरं वांगं कमी बियांचं. तिथलं मोठं जांभळं बहुधा पाणीदार. आकाराच्या मानाने हलकं निवडा. जड असेल तर आत बिया जास्त.

तेलाचा हात लावून काट्याने आठ-दहा ठिकाणी टोचा, नाहीतर ओव्हनमध्ये फुटतं. वरच्या कप्प्यात, ग्रिलवर, २३० अंशांवर ४०-४५ मिनिटं. मध्ये दोनदा फिरवा. साल काळी पडली तरी थांबू नका, देठाजवळ बोट रुतलं पाहिजे. मग वीस मिनिटं चाळणीत निथळत ठेवा. पाणचटपणा इथेच जातो. तपकिरी बिया काढून टाका, कडवटपणा त्यांचाच.

मिक्सर मात्र अजिबात नको, भरीत चिकट होतं. भरीत ठेचायची लाकडी बडगी नसेल तर साध्या लाकडी दांड्याने ठेचा. हिरव्या मिरच्या आणि लसूण शेवटची दहा मिनिटं वांग्याशेजारीच भाजा. फोडणीत शेंगदाणे, वरून भरपूर कांद्याची पात. कपाशीच्या काड्यांच्या जाळाचा वास ओव्हन देणार नाही. पण घरात कोळशाची धुरी देऊ नका, धुराचा अलार्म वाजेल.