दुपारी तीनला जाऊन बघ

अगं, काल निघताना जिन्यात थांबून तू परत विचारलंस, "मॅडम, फिजिक्समध्ये शेवटी काय घेऊ, अॅस्ट्रो की कंडेन्स्ड मॅटर?" आणि मी म्हटलं लिहून कळवते, कारण तिथेच बोलले असते तर चिडले असते. तुझ्यावर नाही, प्रश्नावर. गेली कित्येक वर्षं कोणी ना कोणी हाच प्रश्न घेऊन घरी येतं आणि दर वेळी तो चुकीच्या टोकाने धरलेला असतो.

तू ब्रांचचं नाव विचारतेयस, ग्रहताऱ्यांचं फिजिक्स की घन-द्रव पदार्थांचं. नाव सोड. ज्या लॅबचा विचार चाललाय तिथे दुपारी तीनला जाऊन बघ. सकाळी सगळेच उत्साहात असतात, आणि ओपन डेला तर मुळीच नको. आठवीत असताना २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत गेलीस आणि तेव्हाच ठरवलंस म्हणालीस, ते मला फार आवडलं, पण त्या दिवशी तुला दाखवलं ते उत्तर होतं गं. उत्तरापर्यंत पोचायला माणसं रोज काय करत बसतात ते पोस्टरवर कोणी लावत नाही.

गुरुत्वीय लहरींचंच घे, म्हणजे अवकाशालाच ताणत-आकसत जाणाऱ्या लहरी. पहिला सिग्नल सापडला १४ सप्टेंबर २०१५ ला, अमेरिकेतल्या लायगो या उपकरणाच्या चार किलोमीटरच्या भुजेत प्रोटॉनहून शेकडो पट लहान फरक पडला तो मोजला. पण आपल्याकडे आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून काय करत होते? गोंगाटातून ओळखीच्या आकाराचा सिग्नल कसा वेचायचा याचं गणित बसवत होते. म्हणजे रोजचं काम काय, तर स्टॅटिस्टिक्स, कोड आणि नॉइज. आणि तूच काल म्हणालीस की सगळ्यात कंटाळवाणा पेपर स्टॅटिस्टिक्सचा वाटला. मग?

रेडिओ खगोलशास्त्र घेतलंस तर नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तीस डिश, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची, फोटोत फारच देखणं दिसतं ते. डेटा हातात आला की आधी त्यातला खराब भाग काढायचा, कुठे मोबाइल टॉवर घुसलाय, कुठे विजेच्या लाइनची ठिणगी, एकेक चॅनल बघत तासन्‌तास. काहींना त्यात धान्य निवडल्यासारखी शांतता मिळते, काहींना वेड लागतं. तू कुठली ते मला माहीत नाही, तुलाही नाही, म्हणून तर जाऊन बघ म्हणतेय. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूपांचं काम मला याचसाठी मोठं वाटतं. उटीला त्यांनी असा डोंगर शोधला ज्याचा उतार तिथल्या अक्षांशाएवढा, म्हणजे त्यावर बसवलेल्या लांबलचक दुर्बिणीचा अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर. आणि खोडदला डिशला भरीव पत्रा लावलाच नाही, मीटरभर लांबीच्या लहरींना बारीक स्टीलच्या तारांची जाळी पुरते हे ओळखून केवढा खर्च वाचवला. तारे बघायचे तर आधी तारा ताणायच्या. ज्याला तारा ताणायला आवडतं त्याने ते घ्यावं.

आता माझं सांगते, कारण हे सगळं मी कुठल्या पुस्तकातून सांगत नाहीये. एमएस्सीला माझा पहिला नंबर आला आणि सगळे म्हणाले हुशार मुलं थिअरीला जातात. मला खरं तर लॅब आवडायची. तिथल्या एका ज्येष्ठ सरांनी समोर बसवून सांगितलं, मुलींना लॅबमधलं जड काम झेपत नाही, पुढे संसार असतो, थिअरी घे. मी ऐकलं. त्यांचा राग आता उरला नाही, पण मी ऐकलं याचा आहे, आजही आहे. अडीच वर्षं रिलेटिव्हिटी केली. विषय सुंदरच होता, त्याबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही, पण दुपारी तीनला मी टेन्सरच्या लांबलचक समीकरणांनी पानंच्या पानं भरत बसायचे, एक चिन्ह चुकलं की चार पानं मागे जायचं, आणि सारखं घड्याळाकडे लक्ष. शेजारी एक मुलगा तेच काम करताना जेवायला उठायचं विसरायचा. तेव्हाच कळायला हवं होतं.

मग सोडलं आणि थिन फिल्मच्या, म्हणजे पदार्थांचे अतिशय पातळ थर बनवायच्या लॅबमध्ये गेले, शून्यापासून. पहिल्याच महिन्यात चेंबरमधली हवा काढताना व्हॅक्यूम एका जागी येऊन अडकला, दाब खाली जाईच ना. तीन दिवस मी एकेका जोडावर अॅसिटोनचे थेंब सोडत फिरत होते, कारण जिथे गळती असेल तिथे थेंब आत ओढला जातो आणि दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा हलतो. तिसऱ्या दिवशी खालच्या फ्लॅंजच्या जोडापाशी काटा टुणकन उडाला. उघडून बघितलं तर ओ-रिंगवर, जोड घट्ट बसवणाऱ्या रबरी कड्यावर, एक केस. माझाच, लांब. पुसलं, ग्रीस लावलं, परत बसवलं, रोटरी पंप सुरू केला, डिफ्युजन पंप तापायची वाट बघितली, आणि काटा सरसर खाली गेला तेव्हा बाहेर अंधार पडला होता आणि मी दुपारचा डबाच उघडला नव्हता. तीन कधी वाजले कळलंच नाही.

लोक म्हणतात मी थिअरी अर्धवट सोडली, झेपलं नाही. घरातलेसुद्धा म्हणायचे. मला झेपत होतं, मार्क बघ माझे. पीएचडीला एकूण सात वर्षं गेली, बरोबरची मुलं पुढे गेली, मी कॉलेजात शिकवत राहिले आणि टिन ऑक्साइडच्या फिल्मवर गॅस सोडून रेझिस्टन्स किती बदलतो ते मोजत राहिले, चार पेपर आले. मोठं काम नाही. पण एकही दुपार घड्याळाकडे बघत काढली नाही, आणि हे मी कोणालाही ठणकावून सांगेन.

असो, तुझ्याकडे येते. बाबा मटेरियल सायन्स घे म्हणतात नोकरीसाठी, त्यांची काळजी खरी आहे, त्यांच्याशी भांडू नकोस. मैत्रिणी क्वांटम म्हणतायत कारण २०२३ मध्ये सरकारने राष्ट्रीय क्वांटम मिशनला सहा हजार कोटी मंजूर केले. पैसा आला की जागा निघतात हे खरंय, पण तुझ्या टेबलावर रोज काय असणार ते सहा हजार कोटी ठरवत नाहीत! लेझरचे आरसे केसभर हलवत बसणार आहेस की कागदावर मॅट्रिक्स गुणणार आहेस, दोन्हीला क्वांटमच म्हणतात. आलं ना लक्षात, नावातून काहीच कळत नाही.

गाईडला नंतर भेट. आधी तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या पीएचडीवाल्याला गाठ, चहाला ने, आणि गेल्या आठवड्यात काय केलंस एवढंच विचार. थिसिसचा विषय विचारू नकोस, तो पाठ केलेलं बोलेल. लॉगबुक, म्हणजे रोजच्या कामाची नोंदवही, दाखवतोस का विचार. आणि मागच्या प्रोजेक्टच्या मुलीचे किती दिवस मशिनची पाळी यायची वाट बघण्यात गेले तेही विचार, एका सेमिस्टरच्या प्रोजेक्टमध्ये ते फार महत्त्वाचं असतं. लाजू नकोस. मी लाजले होते.

गुरुवारी पाषाणच्या लॅबमध्ये जाणार आहेस ना, बंद बूट घाल आणि केस घट्ट बांध. तुझी निळी वही माझ्याकडे सोफ्यावर राहिलीय, शनिवारी संध्याकाळी न्यायला ये, आणि तीनला तिथे कोण काय करत होतं ते मला नीट सांग.