वॉरंटी पाच वर्षांची, तक्रारीची मुदत मात्र दोनच

प्रश्न : २०२४ च्या पाडव्याला कोल्हापुरातल्या शोरूममधून छोटी एएमटी (क्लचचं पेडल नसलेली ऑटोमॅटिक) गाडी घेतली, ८ लाख ४० हजारांना. ॲव्हरेज सांगितलं तेवढं नाही, पत्रा पातळ, डॅशबोर्ड वाजतो, गिअर बदलताना हिसका बसतो आणि घाटात तीनदा गाडी आपोआप न्यूट्रलला गेली. सर्व्हिस सेंटरच्या सहा फेऱ्या झाल्या. आमच्या मालकांच्या ग्रुपवर निम्मे जण म्हणतात, 'या किमतीत एवढंच मिळणार.' वॉरंटी वाढवून घेतली आहे, २०२९ पर्यंत आहे, त्यामुळे घाई नाही. ग्राहक न्यायालयातून गाडी बदलून मिळेल का? (एक वाचक, कऱ्हाड)

उत्तर : 'त्यामुळे घाई नाही' याखाली मी लाल पेनाने रेघ मारली आहे. गाडीवाल्यांची पत्रं येतात त्यात हे वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात असतंच. वॉरंटी म्हणजे वर्कशॉपने पार्ट फुकट बदलून देण्याचा काळ. ग्राहक आयोगाकडे, म्हणजे तुम्ही म्हणता त्या ग्राहक न्यायालयाकडे, जायची मुदत वेगळी. ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ मध्ये आहे : तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. वॉरंटी पाचाची घ्या नाहीतर दहाची, या दोनाचे तीन होत नाहीत.

आता कारण घडलं कधी, यावरच तुमचं सगळं अडलंय. कंपनीचा वकील गाडी ताब्यात घेतल्यापासून, म्हणजे ९ एप्रिल २०२४ पासून मोजणार. तसं धरलं तर तुमची वेळ टळून गेली. आपण म्हणायचं, दोष कळला तो पहिल्या जॉब कार्डाच्या (सर्व्हिस सेंटरने तक्रार आणि काम नोंदवलेल्या कागदाच्या) दिवशी, ११ जून २०२४ ला. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्व्हिस सेंटरने 'दुरुस्तीची गरज नाही' असं लिहून दिलं तिथून मोजा, असाही युक्तिवाद करता येतो. पण तो मान्य होईलच असं मी सांगणार नाही, तुम्हीही त्या भरवशावर बसू नका. १० जून २०२६ च्या आत तक्रार दाखल झालेली हवी, आणि सोबत खबरदारी म्हणून विलंबमाफीचा अर्जही. समोरच्याने मुद्दा काढला नाही तरी मुदत आयोगाने स्वतःहून तपासायची असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच बजावलंय. तुमच्या अकरा ई-मेलांनी आणि त्यांच्या 'लवकरच संपर्क करू'ने ती एका दिवसानेही लांबत नाही. वकिलाच्या नोटिशीनेही नाही.

कागदांची तर तुम्ही दैनाच केली आहे. सहापैकी चारच जॉब कार्डं, तीही व्हॉट्सॲपवरचे फोटो, एकावर चहाच्या कपाचा गोल. तिसऱ्यावर ॲडव्हायझरने लिहिलंय, 'टेस्ट ड्राइव्ह घेतली, प्रॉब्लेम आढळला नाही', आणि खाली 'कामाने समाधानी' या छापील ओळीवर तुमची सही. सही केल्याशिवाय चावी देत नाहीत हे मलाही ठाऊक आहे. पण सहीच्या वर 'न्यूट्रलला जाते, तक्रार कायम' एवढं लिहायला कुणी हात धरला होता? उरलेल्या दोन कार्डांच्या प्रती आणि गाडीची पूर्ण सर्व्हिस हिस्ट्री आजच लेखी मागा.

ॲव्हरेज, पत्रा, डॅशबोर्ड हे विषय सोडून द्या. जाहिरातीतलं ॲव्हरेज चाचणीतलं असतं, कऱ्हाडच्या बाजारपेठेतलं नव्हे. हिसकाही सोडा. एएमटी म्हणजे आपला नेहमीचाच क्लच आणि गिअरबॉक्स, फक्त पायाऐवजी क्लच यंत्र दाबतं. थोडा हिसका तिच्या जातीतच आहे, आणि म्हणून तर ती बाकीच्या ऑटोमॅटिकपेक्षा स्वस्त पडते. ग्रुपवरचे ते निम्मे लोक इथवर बरोबर आहेत. पण कुंभार्ली घाटाच्या चढावर, मागे एसटी असताना, गाडी आपणहून न्यूट्रलला जाऊन मागे सरकणं हे कुठल्याच किमतीत बसत नाही. तक्रारीत हा एकच दोष ठेवा. बारा गाऱ्हाणी मांडलीत की ग्राहक किरकिऱ्या ठरतो आणि खरं दुखणं त्यात बुडतं.

गाडी बदलून मिळेल का? कठीण आहे. वॉरंटीत सदोष पार्ट बदलून देण्याचीच अट असेल, तर अख्खी गाडी बदलायला लावता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निकाल समोरून हमखास दाखवला जातो. म्हणून मागणी उतरत्या क्रमाने लिहा : गाडी बदलून किंवा पैसे परत, ते नाही तर नवा गिअरबॉक्स आणि नुकसानभरपाई. डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा. गोव्यातल्या एका ग्राहकाला २०११ च्या मॉडेलऐवजी २००९ ची गाडी मिळाली होती. डीलरच्या त्या करणीची जबाबदारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकावर टाकली नाही. तुमच्याकडे दोष उत्पादनाचा की दुरुस्तीचा, हे ठरायचंय. एकालाच धरलंत तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होईल.

कोल्हापूरला जायची गरज नाही. राहत्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्याच्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. तुमच्या रकमेला शुल्क २०० रुपये. तज्ज्ञाकडून तपासणीचा अर्ज तक्रारीसोबतच द्या, नंतर नको. तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. कोरम नाही, म्हणजे आयोगाचे पुरेसे सदस्य हजर नाहीत, म्हणून तारखा पडतात तेव्हा हे वाक्य मी अशिलांना वाचून दाखवत नाही. गाडी तज्ज्ञापुढे जाईपर्यंत ८० हजार किलोमीटर झालेली असेल, तर 'क्लच झिजलाय' एवढाच अहवाल येईल. तोवर ती कमी चालवा, घाटात नेऊ नका, आणि एक्स्चेंज ऑफर कितीही चांगली आली तरी निकालाआधी विकू नका.