सुट्टीत कुत्रा-मांजर घरीच ठेवायचं असेल तर सांभाळणाऱ्याची सोय आधी लावा

तुमचा प्रश्न असा आहे: मे महिन्यात ८ दिवस कोकणात जायचंय, नांदेडच्या घरी ४ वर्षांचा लॅब्रॅडॉर आणि एक बोका आहे, बाहेर ठेवावं अशी विश्वासाची जागा नाही, नातेवाईक कुत्र्याला भितात, मग घरीच ठेवून सोय कशी लावायची? मी परभणीचा. घरात कुत्रं असल्याला १४ वर्षं झाली, मांजर तर आईच्या काळापासून आहे. दर उन्हाळ्यात हा प्रश्न आमच्यापुढेही येतो आणि एकदा त्यात आम्ही फार वाईट चुकलो आहोत. ते आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यातूनच शिकलोय.

२०१८च्या मेमध्ये आम्ही ९ दिवस गणपतीपुळे, दापोली असे फिरायला गेलो. मोतीला, म्हणजे आमच्या कुत्र्याला, आणि मांजरीला भाच्याच्या हवाली केलं. कॉलेजात शिकणारा प्रेमळ पोरगा, घर चार गल्ल्या सोडून. सकाळ-संध्याकाळ येऊन खायला घाल, फिरवून आण, एवढं सांगितलं, चावी दिली आणि निघालो. पाचव्या दिवशी अकराच्या सुमारास लाइट गेली ती चार वाजेपर्यंत आलीच नाही. मोती आतल्या खोलीत. पाण्याचं स्टीलचं भांडं त्याने कधीतरी पायाने उलटं केलेलं. भाचा साडेपाचला आला तर मोती फरशीवर आडवा, जीभ बाहेर, तोंडातून दोरीसारखी चिकट लाळ लोंबतेय. पोराने पंखा लावला, पाणी पुढे केलं आणि तसाच शेजारी बसून राहिला. दवाखान्यात न्यायचं तर कोणत्या, आणि खिशात शंभर रुपये. सातला त्याने शेवटी घरी जाऊन आईला सांगितलं, तेव्हा बहिणीने रिक्षा बोलावली. दवाखान्यात ताप १०६ निघाला. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ असतं, पण १०६ म्हणजे जीवावरचं. तीन दिवस सलाइन लागलं, मोती वाचला.

मला फोन का केला नाहीस, असं नंतर विचारलं तर म्हणाला, "मामा, तुम्ही इतक्या वर्षांनी फिरायला गेलात, म्हणलं कशाला टेन्शन द्यायचं."

त्या पोराचा काहीच दोष नव्हता. आम्ही त्याला काम सांगितलं, पण पैसे ठेवले नाहीत, डॉक्टरचा नंबर दिला नाही, आणि "काही वाटलं तर आम्हाला न विचारता थेट दवाखान्यात ने" एवढं एक वाक्य बोललो नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगतो. पट्टा, खाऊ, भांडी याची यादी नंतर करा. आधी सांभाळणाऱ्या माणसाचं बघा.

घरीच ठेवायचा तुमचा विचार मला पटतो. बोक्याला तर हलवूच नका. मांजर माणसापेक्षा घराला धरून असतं, नव्या जागेतून ते पळतं आणि मग सापडत नाही. कुत्र्याला सोबत न्यायचं म्हटलं तर रेल्वेत एसी फर्स्ट क्लासचा पूर्ण कूपे लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवावं लागतं. मेच्या उन्हात त्या पेटीत तुमचा लॅब्रॅडॉर ठेवू नका, एवढी कळकळीची विनंती.

आता माणूस कोण? जे नातेवाईक भितात त्यांना भीड घालू नका. भिणारा माणूस दारातूनच भाकरी टाकतो आणि कुत्रंही त्याच्यावर गुरगुरतं. आमच्याकडे गेली काही वर्षं एक सोय चांगली बसली आहे. इथे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, खेड्यापाड्यातली पोरं तिथे शिकायला असतात. लहानपणापासून गाई-म्हशी, कुत्री बघितलेली, जनावराला घाबरत नाहीत. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत त्यांचा जीव उकडतो. अशाच ओळखीच्या एका पोराला आम्ही रात्रीचा मुक्काम आमच्याकडे करायला सांगतो. त्याला कूलर मिळतो, अभ्यासाला शांतता मिळते, मोतीला सोबत मिळते. दिवसा शेजारच्या काकू दोनदा डोकावतात, त्यांच्याकडे मांजरीचं खाणंपिणं. तुमच्याकडे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आहे, कॉलेजं आहेत, ओळखीतून असा मुलगा नक्की मिळेल. घरकामाच्या मावशी धीट असतील तर त्याही उत्तम, कारण कुत्रं त्यांना रोज बघतं.

कोणीही असो, पैसे द्या. दिवसाचा आकडा आधी ठरवा आणि अर्धे निघायच्या आदल्या दिवशी हातात ठेवा. "घरचाच आहे, येताना काजू आणू" यावर काम ढकलू नये. फुकट करणाऱ्याला एखाद्या दिवशी कंटाळा आला तर तुम्ही त्याला काही बोलू शकत नाही, आणि तोही मनातलं सांगत नाही.

माणूस ठरला की ओळख. निदान १२ दिवस हातात ठेवा. पहिले तीन-चार दिवस त्याने संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी यावं आणि ताट त्याच्याच हाताने पुढे व्हावं, तुम्ही नुसतं जवळ उभं राहायचं. मग फिरायला दोघांनी मिळून न्यायचं, पट्टा त्याच्या हातात. मग त्याने एकट्याने. शेवटी एका रात्री तुम्ही खरोखर घर सोडून जवळच्या सोयऱ्यांकडे मुक्कामाला जा आणि त्याला घरी झोपू द्या. या एका रात्रीत सगळं उघडं पडतं. आमच्या त्या रात्री कळलं की मागच्या दाराची कडी नीट वर उचलून ओढल्याशिवाय लागत नाही. आम्हाला हाताला सवय, त्याला कुठून माहीत? मोती पहाटे तेच दार ढकलून अंगणात जाऊन बसला होता.

उन्हाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण आपल्याकडे खरा धोका तोच आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर काढतो. पारा ४३-४४ला गेला आणि खोली कोंदट असली की त्या धापांनी भागत नाही. तुमचा लॅब्रॅडॉर अंगाने भरलेला असेल तर आणखी लवकर त्रास होतो. कूलर चालू ठेवून गेलो की झालं असं वाटतं, पण दुपारभर चालला की टाकी तळाला जाते आणि मग तो गरम वाराच फेकतो. शिवाय समोरची खिडकी बंद असेल तर खोलीत नुसता दमटपणा साठतो. म्हणून खिडकी थोडी उघडी, तिच्यावर ओलं गोणपाट, आणि दुपारी १२ ते ४ मध्ये कोणीतरी एकदा येऊन टाकी भरणार, हे नक्की करा. लाइट गेली तर काय, हेही आधीच ठरवा. आमच्याकडे ठरलंय की तासाच्या वर लाइट गेली तर काकू मोतीला त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या मोरीत नेऊन बांधतात, तिथे शहाबादी फरशी आहे, दुपारीही गार असते.

पाणी दोन ठिकाणी ठेवा, तेही मातीच्या जड परळात किंवा सिमेंटच्या कुंडीत, म्हणजे उलटत नाही. कुत्र्याला साधारण किलोमागे ५०-६० मिली पाणी दिवसाला लागतं. ३० किलोच्या कुत्र्याला म्हणजे दीड ते १.८ लिटर, आणि उन्हाळ्यात त्याच्या कितीतरी वर. नळ तुमच्याकडे रोज येत नसेल तर तो कोणत्या दिवशी, किती वाजता येतो आणि मोटर कशी चालू करायची हे सांभाळणाऱ्याला दाखवून ठेवा. नळाची पाळी हुकली की कूलरही कोरडा आणि परळही.

ऊन लागल्याची खूण म्हणजे थांबत नाहीत अशा धापा, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, चालताना झोकांड्या, उलटी. असं दिसलं तर आधी अंग गार करायचं, मग दवाखाना. सावलीत घेऊन पोट, जांघा, पाय पाण्याने भिजवायचे आणि वर पंखा धरायचा. लाइट नसेल तर पुठ्ठ्याने वारा घालायचा. पाणी मात्र माठातलं किंवा रांजणातलं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटके देतं, ते नळ सोडून थेट अंगावर ओतलं तर उलटं होईल. बेशुद्ध जनावराच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. फिरवणं पहाटे सहाच्या आत आणि रात्री नऊनंतरच. डांबरावर हाताचा पालथा तळवा टेकवून बघायला सांगा, आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसत नाही.

खाण्यात घोटाळा होतो तो मायेपोटी. "बिचारं एकटं आहे" म्हणून शेजारीपाजारी काहीबाही घालतात. कांदा-लसणाच्या फोडणीचा रस्सा, मनुके, चॉकलेट, शिजवलेल्या कोंबडीची हाडं, यातलं काहीही द्यायचं नाही. कांद्याने कुत्र्या-मांजराचं रक्त बिघडतं, मनुक्याने कुत्र्याची किडनी जाऊ शकते. आणि मे म्हणजे घरोघरी आमरस. आंब्याची कोय लॅब्रॅडॉर हमखास गिळतो आणि ती आतड्यात अडकली की ऑपरेशनशिवाय निघत नाही. कचऱ्याची बादली झाकणाची असू द्या आणि ती मोरीत आत ठेवा. रोज जे खातो तेच खाऊ द्या, भाकरी-दूध खात असेल तर भाकरी-दूध. नवा खाऊ या ८ दिवसांत नको.

बोक्याचं काम कमी आहे, पण दोन गोष्टी सांभाळणाऱ्याला दाखवूनच जा. एक, तो सलग दोन दिवस जेवला नाही तर थांबायचं नाही. उपाशी राहिलेल्या मांजराचं, त्यातही लठ्ठ मांजराचं, यकृत बिघडतं. दुसरी, आणि बोक्यात ही फार महत्त्वाची: तो वाळूत पुन्हा पुन्हा बसतोय, कळवळतोय आणि थेंबही पडत नाही असं दिसलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टर. लघवी तुंबून बोका एक-दोन दिवसांत दगावतो. म्हणून वाळूचा ट्रे रोज साफ करायचा, ओले गोळे दिसतात की नाही ते बघत. गोचिडांचं औषध कुत्र्याला आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून द्या. शेतातलं, गुरांच्या गोचिडांचं औषध बोक्याच्या आसपासही नेऊ नका. कुत्र्याचं सांगून आणलेलंही नको, त्यातली काही मांजराला विषारी असतात. तापाला पॅरासिटामोलची गोळी तर कुणालाच नाही. मांजर त्या एका गोळीने मरतं.

आता कागद. एकच पान, मोठ्या अक्षरात, फ्रिजच्या दाराला. त्यावर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर, ते नसतील तर दुसऱ्यांचा, ओळखीच्या रिक्षावाल्याचा, आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता व वेळ. नेहमीच्या डॉक्टरांना निघण्याआधी भेटून सांभाळणाऱ्याचं नाव सांगून ठेवा आणि ते स्वतः त्या आठवड्यात गावाला नाहीत ना, तेही विचारा. मेमध्ये डॉक्टरही सुट्टीवर जातात. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री नंबर लिहून ठेवा, पण ती गाडी मुख्यतः गुराढोरांसाठी असते, तिच्यावर विसंबू नका. आमच्या परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तसंच उदगीरलाही आहे. मोठं काही निघालं तर तिकडे न्यायचं, असं आधी ठरलेलं असलं की ऐनवेळी धावपळ होत नाही. कागदाशेजारी पाकिटात दोन-तीन हजार रुपये आणि लसीचं कार्ड. रेबीजच्या लसीची मुदत संपत आली असेल तर ती आधी देऊन घ्या. सांभाळणाऱ्याला चुकून दात लागला तर १५ मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने जखम धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनचं विचारायचं, मग कुत्र्याला लस दिलेली असली तरीही.

फोन रोज एकदा करा, ठरलेल्या वेळी. पण कुत्र्याला फोनवर आवाज ऐकवू नका. आम्ही एकदा ऐकवला तर मोती दारापाशी जाऊन बसला आणि रात्री जेवला नाही. त्यापेक्षा सांभाळणाऱ्याला परळाचा आणि ताटाचा फोटो पाठवायला सांगा. किती प्यायला, किती खाल्लं, त्यातून सगळं कळतं. तुमचा वापरलेला, न धुतलेला सदरा त्याच्या झोपायच्या जागी टाकून जा.

आणि परतीचा दिवस. बहुतेक लोक सांभाळणाऱ्याला सांगतात, "आम्ही सकाळी पोहोचतोय, तू आदल्या रात्रीपर्यंतच थांब." गाडी सहा तास लेट झाली की त्या सहा तासांत घरात कोणी नसतं. त्याला सांगा, आम्ही दारात पाय टाकल्यावरच तू चावी द्यायची, आणि त्या दिवसाचेही पैसे धरा.