जुलैत आई-बाबांना घेऊन फ्लोरिडाला जाताना बॅगेत काय भरावं?

प्रश्न असा आहे: जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात न्यू जर्सीहून आई-बाबा आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन चार दिवस ओरलँडोचे डिस्नेसारखे थीम पार्क, मग तीन दिवस मायामी आणि फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाचं की वेस्ट बेट. अॅपवर रोज ढग आणि विजेचं चिन्ह दिसतंय. आई-बाबा नाशिकचे, उन्हाची सवय असलेले. तर सहल पुढे ढकलावी का, आणि जायचंच तर कपडे कुठले घ्यावेत?

सहल पुढे ढकलू नका. मी ओरलँडोजवळ राहते आणि उन्हाळ्यात आमच्याकडे भारतातून कोणी ना कोणी येतंच, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या बोलण्यातला आहे. ते विजेचं चिन्ह इथे जून ते सप्टेंबर जवळपास रोज दिसतं. त्यावरून दिवसभर पाऊस लागून राहील असं समजू नका. आपल्याकडे वैशाखात दुपारनंतर वळीव येतो ना, सोसाट्याचा वारा, कडकडाट, तासाभराचा धो धो पाऊस आणि मग लख्ख ऊन, तसा पाऊस इथे उन्हाळाभर पडतो.

असं होतं याचं कारण फ्लोरिडाच्या आकारात आहे. एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला मेक्सिकोचं आखात, आणि मधे जमिनीची अरुंद पट्टी. सकाळपासून ही जमीन तापते, हवा वर जाते आणि दोन्ही बाजूंनी समुद्राचं वारं आत शिरतं. ही दोन वारी साधारण मध्यभागी एकमेकांना भिडतात आणि तिथे दुपारी काळेकुट्ट ढग उभे राहतात. ओरलँडो नेमकं त्या मधल्या भागात आहे. म्हणून इथला पाऊस बहुतेकदा दुपारी दोन ते सहाच्या दरम्यान गाठतो, आणि सकाळचे अकरा वाजेपर्यंत आकाश इतकं निळं असतं की संध्याकाळी कुणाला सांगितलं तर खरं वाटू नये.

त्यामुळे माझा सल्ला एकच आहे: बॅग दिवसाच्या वेळापत्रकाप्रमाणे भरा. एकाच दिवसात तुम्हाला तीन हवामानं भेटणार आहेत. सकाळचं दमट ऊन, दुपारचा पाऊस आणि इमारतींच्या आतला कडाक्याचा एसी. पहिल्या दोन्हींची तयारी सगळे करतात. तिसऱ्याचा विचार कुणी करत नाही, आणि आजारपण येतं ते तिथूनच.

आधी उन्हाचं सांगते. ओरलँडोत जुलैत दुपारी साधारण ३३ अंश सेल्सिअस असतं. नाशिकची माणसं म्हणतील, ३३ म्हणजे काय, आम्ही एप्रिलमध्ये ३८ बघतो. पण नाशिकचं एप्रिलमधलं ऊन कोरडं असतं, घाम येतो आणि उडून जातो. इथे हवेत इतकी वाफ असते की घाम अंगावरच राहतो, आणि ३३ चे अंगाला ४० वाटतात. रात्रीही पारा २४च्या खाली फारसा जात नाही. मुंबईचा मे महिना ज्यांनी लोकल प्रवासात काढला आहे त्यांना हे लगेच समजेल. आई-बाबांना हे निघण्याआधीच सांगा, कारण "आम्हाला सवय आहे" म्हणून भर दुपारी चालत राहणारी वडीलधारी माणसंच इथे चक्कर येऊन बसतात.

कपड्यांत जाड सुती घेऊ नका. सुती कापड आपल्याला आवडतं, मलाही आवडतं, पण इथल्या पावसात ते एकदा भिजलं की संध्याकाळपर्यंत ओलंच राहतं आणि काखेत, मांड्यांत घासून कातडी सोलवटते. जीन्स तर घरीच ठेवा. पातळ मलमल चालेल, पण सगळ्यात उत्तम म्हणजे व्यायामाचे वापरतात तसले लवकर वाळणारे टी-शर्ट आणि सैल पँट. आई पंजाबी ड्रेस घालत असतील तर रेयॉनचे किंवा पातळ मिश्र कापडाचे आखूड कुर्ते द्या. ओढणी मात्र पिशवीत ठेवायला सांगा, राइडमध्ये ती धोक्याची. माणशी चार जोड पुष्कळ झाले, हॉटेलांमध्ये नाण्यावर किंवा कार्डावर चालणारी कपडे धुण्याची यंत्रं असतात. पाण्यात उतरायला आईंना संकोच वाटत असेल तर लांब बाह्यांचा पोहण्याचा टॉप आणि घोट्यापर्यंतची लेगिंग घ्या. अंगही झाकलं जातं आणि तेवढ्या भागाला सनस्क्रीनही लागत नाही. वॉटर पार्कमध्ये धातूची चेन किंवा बटणं असलेले कपडे चालत नाहीत, तेवढं बघून घ्या.

आता एसी. दुकानं, बंदिस्त शो, बस, उपाहारगृहं, सगळीकडे इतका गार एसी असतो की घामेजलेल्या किंवा भिजलेल्या अंगाने आत गेलं की हुडहुडी भरते. प्रत्येकाच्या नावाने एक पातळ स्वेटर किंवा शाल रोजच्या पाठपिशवीत हवीच, हॉटेलवर ठेवलेली काही कामाची नाही. मुलीसाठी कपड्यांचा एक कोरडा जोड आणि एक छोटा पंचा. आपला सुती पंचा इथल्या जाड टॉवेलपेक्षा शंभर पटींनी सोयीचा, घडी लहान आणि झटकन वाळतो. भारतातून येणाऱ्यांना मी आवर्जून तो आणायला सांगते.

पावसासाठी पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा सैल रेनकोट घ्या. डॉलरच्या दुकानात तो स्वस्तात मिळतो, पार्कात गेल्यावर त्याच वस्तूचे कितीतरी जास्त पैसे मोजावे लागतात. बाबांना छत्रीशिवाय चैन पडत नसेल तर फिक्या रंगाची घडीची छत्री सकाळच्या उन्हासाठी अवश्य असू द्या. पण गडगडाट सुरू झाला की ती मिटायची आणि आत जायचं. याबाबत मी अजिबात सैल नाही. अमेरिकेत वीज पडण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त असलेल्या राज्यांत फ्लोरिडा अग्रभागी आहे, आणि टाम्पा ते ओरलँडो हा पट्टा त्यासाठीच ओळखला जातो. ढगांचा आवाज ऐकू येतो म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत थांबायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. झाड आणि उघडं छप्पर हे आडोसे नव्हेत. बाहेरच्या राइड आणि पोहण्याचे तलाव त्या वेळी बंदच करतात. मुलीला अंतराळाची आवड असेल आणि केनेडी स्पेस सेंटरला जाणार असाल तर तिला हेही सांगा, की १९६९ च्या नोव्हेंबरात अपोलो १२ इथूनच पावसात उडालं आणि पहिल्या मिनिटभरातच त्याला दोनदा वीज लागली. आता आसपास वीज असेल तर उड्डाणच थांबवतात.

पायांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. पार्कात दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं. ओल्या मोज्यांत चाललं की फोड आलेच, आणि एकाला फोड आला की सगळ्या घराची सहल लंगडते. प्रत्येकाला पादत्राणांचे दोन जोड हवेत: एक चालण्याचे बूट, एक मागे पट्टा असलेली, भिजली तरी चालणारी सँडल. नवे कोरे बूट घेऊन येऊ नका. बूट भिजले तर रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, पावसाळ्यात आपण करतो तसंच. घामोळ्याची पावडरही घ्या.

सनस्क्रीनबद्दल आपल्या लोकांत एक गैरसमज आहे, की आपली कातडी सावळी, आपल्याला काय लागतं. इथे उन्हाळ्यात अतिनील किरणांचा निर्देशांक ११ च्या पुढे जातो. सावळी त्वचाही भाजते, आग होते, सालं निघतात. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त घ्या, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावा. कान, मान, पावलांचा वरचा भाग आणि केसांतला भांग विसरू नका. भांगासाठी रुंद कडेची, हनुवटीखाली बांधता येणारी टोपी बरी.

पाणी तहान लागण्याआधी प्यायचं. डिस्नेच्या पार्कात काउंटरवर जिथे खायला मिळतं तिथे बर्फाच्या पाण्याचा ग्लास फुकट मागता येतो. सोबत ओआरएसची पाकिटं ठेवा. बाबांना रक्तदाबाची, विशेषतः लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या, कारण असल्या उन्हात शरीरातलं पाणी आधीच कमी होतं. औषधं गाडीत ठेवायची नाहीत. बंद गाडी उन्हात दहा मिनिटांत दहा-अकरा अंशांनी तापते. इन्शुलिन असेल तर विचारूच नका. खाऊ बाहेरून नेता येतो, पण चिवडा डबा उघडताच सादळतो, तो छोट्या छोट्या झिपच्या पिशव्यांत भरा. दहीभात, ओल्या चटण्या नकोत. खाकरा, राजगिऱ्याच्या वड्या, सुकी दशमी उत्तम. फोन आणि पासपोर्टही त्याच झिपच्या पिशवीत. एसीतून बाहेर आल्यावर चष्म्यावर आणि कॅमेऱ्यावर वाफ धरते, तेव्हा जिना उतरताना बाबांना जरा थांबायला सांगा.

दिवस असा आखा: दार उघडण्याआधी पार्कात, एकच्या सुमाराला हॉटेलवर जेवण आणि झोप, सहानंतर परत. जुलैत सूर्य साडेआठच्या थोडा आधी मावळतो, त्यामुळे पावसाने धुतलेली, जरा निवलेली लांबलचक संध्याकाळ हाती येते. वडीलधाऱ्यांना हाच भाग सगळ्यात आवडतो. विमान मात्र सकाळचं घ्या. विजेमुळे दुपारी विमानतळावरची कामं थांबतात आणि उड्डाणं रखडतात. एक दिवसाचे कपडे आणि औषधं हातातल्या बॅगेतच हवीत.

मायामीत गणित थोडं वेगळं. वारं पूर्वेचं असेल तर किनाऱ्यावर सर सकाळी येऊन जाते आणि दुपारी ढग आत सरकतात, त्यामुळे दुपारनंतरचा किनारा अनेकदा कोरडा मिळतो. समुद्राचं पाणी ३० अंशांच्या आसपास, आंघोळीच्या पाण्यासारखं. किनाऱ्यावरचे झेंडे बघा: लाल म्हणजे मोठा धोका, दोन लाल म्हणजे पाण्यात बंदी, जांभळा म्हणजे जेलीफिशसारखे त्रासदायक जीव. की वेस्टला गाडीने जाणार असाल तर चार तास धरा. मुसळधार पाऊस लागला तर हेडलाइट लावणं इथे कायद्याने बंधनकारक आहे. समोरचं दिसेनासं झालं तर पुढच्या एक्झिटला उतरून दहा-पंधरा मिनिटं थांबा, सर निघून जाते.

चक्रीवादळांचा हंगाम कागदोपत्री १ जून ते ३० नोव्हेंबर असतो, पण खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. इर्मा १० सप्टेंबर २०१७ ला आलं, इयन २८ सप्टेंबर २०२२ ला, मिल्टन ९ ऑक्टोबर २०२४ ला. जुलैत शक्यता बरीच कमी. तरी सहलीचा विमा काढायचा असेल तर आजच काढा, वादळाला नाव पडल्यावर काढलेला विमा त्या वादळासाठी उपयोगी पडत नाही. आणि रोज सकाळी अॅपच्या चिन्हाऐवजी मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरच्या पानावर एक नजर टाका.

दक्षिण फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीचा विचार मनात असेल तर या वेळी सोडा. जुलैत तिथले डास नको जीव करतात. डिसेंबर ते एप्रिलच्या कोरड्या दिवसांत पाणी आटतं, पक्षी आणि मगरी उरलेल्या डबक्यांभोवती गोळा होतात, तेव्हाच ते बघायचं. फक्त त्या वेळी जाड स्वेटर आणा. जानेवारीत उत्तरेकडून गार हवा आली की ओरलँडोत पहाटे १० अंशांच्याही खाली जातं, आणि १९ जानेवारी १९७७ ला तर मायामीतही हिमकण पडले होते.