दारू सोडलेल्या माणसाला डॉक्टर थायमिनच्या गोळ्या का देतात? नुसती ताकदीची गोळी हाय का?

नुसती ताकदीची नाही ओ, बंद करू नका. थायमिन म्हंजे व्हिटॅमिन बी१. आपण भाकरी, भात, साखर जे खातो त्यातली ऊर्जा काढायला पेशींना हे लागतंच आणि मेंदू तर जवळपास सगळा ग्लुकोजवरच चालतो, म्हणून कमी पडलं की पहिला दणका मेंदूला, नसांना अन् हृदयाला बसतो. मोठ्या माणसाला दिवसाला १ ते १.५ मिग्रॅ पुरतं, पण अंगातला साठा दोन-तीन आठवड्यांतच संपतो.

पिणारा माणूस एकतर जेवत नाही, वरून दारूमुळं आतड्यातून थायमिन नीट शोषलंच जात नाही. मग झोकांड्या जाणं, डोळे विचित्र फिरणं, काहीबाही बोलणं सुरू होतं आणि घरचे म्हणतात परत पिऊन आला! माझ्या चुलत्याचं अगदी असंच झालतं, आम्ही दोन दिवस वाया घालवले, त्याचं आजबी वाईट वाटतं. असं दिसलं तर गोळीवर थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या, तिथं इंजेक्शन देतात. आणि सलाईन लावताना दारूचं लपवू नका, कारण थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर जास्त बिघडू शकतं.

खाण्यात आपली ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी चांगलीच हाय, फक्त डाळ शिजवताना सोडा टाकू नका, त्यानं थायमिन जातं. पांढऱ्याशुभ्र पॉलिश तांदळात तर ते फार कमी उरतं.