सल्फासलाझिन चालू असताना झिंक, सेलेनियम घेऊन उपयोग होतो का?

अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी (मोठ्या आतड्याच्या दीर्घकाळच्या दाहासाठी) सल्फासलाझिन चालू आहे, तपासणीत शुक्राणूंची संख्या कमी आली आहे, तर झिंक आणि सेलेनियमच्या गोळ्यांनी हा दुष्परिणाम थोपवता येईल का, असे आपण विचारले आहे. याच औषधावर मी काही वर्षे काढली आहेत, त्यामुळे तो अहवाल हातात पडल्यावर मनाची काय अवस्था होते हे मला ठाऊक आहे. तरीही स्पष्टच सांगतो, या गोळ्यांच्या भरवशावर राहू नका.

सल्फासलाझिनचे आतड्यात दोन भाग होतात. त्यांपैकी सल्फापायरिडीन रक्तात शोषले जाते आणि शुक्राणूंची संख्या व हालचाल मुख्यतः त्याच्यामुळे घटते. आतड्याचा दाह शमवणारा दुसरा भाग, म्हणजे मेसालामाइन, स्वतंत्र औषध म्हणूनही मिळतो. त्यामुळे मूल हवे आहे हे पोटाच्या डॉक्टरांना सांगितले की ते बहुधा औषध बदलण्याचा विचार करतात, आणि बदलानंतर साधारण दोन-तीन महिन्यांत शुक्राणू पूर्ववत होऊ लागतात. शुक्राणू तयार होण्यासच सुमारे ७४ दिवस लागतात, म्हणून महिन्याभरात पुन्हा तपासणी करून निराश होऊ नये. सल्फासलाझिनची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, कारण आजार उसळला तर त्याचाही शुक्राणूंवर परिणाम होतो.

झिंकची कमतरता खरोखरच असेल, आणि दीर्घकाळच्या जुलाबांमुळे ती होऊ शकते, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ती जरूर भरून काढावी. पण डबीवरचा मजकूर नीट वाचा: ‘झिंक सल्फेट २२० मिलिग्रॅम’ असे लिहिलेल्या गोळीत प्रत्यक्ष झिंक सुमारे ५० मिलिग्रॅम असते, आणि अमेरिकेत प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ४० मिलिग्रॅम ठरवलेली आहे. महिनोन्‌महिने जास्त झिंक घेतल्याने शरीरातील तांबे घटते, आणि त्यातून रक्तक्षय व मज्जातंतूंचे विकार उद्भवतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, २,३७० जोडप्यांच्या अमेरिकी चाचणीत पुरुषांना सहा महिने रोज ३० मिलिग्रॅम झिंक आणि ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिले गेले. त्याने ना वीर्याची गुणवत्ता सुधारली, ना अपत्यजन्माचे प्रमाण वाढले.

आपल्याला फॉलिक ॲसिड दिलेले असेल तर ते मात्र चालू ठेवा, कारण सल्फासलाझिनमुळे फोलेट या जीवनसत्त्वाचे शोषण कमी होते आणि ती गोळी त्यासाठी आहे.